खूण माझी, डोळे हरिदादांचे

एका चांगल्या कारागिराचे डोळे अधू झालेत, असं मी बारा वर्षं लोकांना समजू दिलं. ते अधू नव्हते. चूक माझी होती, ती मला त्याच आठवड्यात कळली होती आणि ती कबूल करायला फार तर दोन मिनिटं लागली असती. ती दोन मिनिटं मला बारा वर्षांत सापडली नाहीत. संपादकांनी ‘तुमच्या वेगळ्या धंद्याबद्दल लिहा’ म्हणून कळवलं, तेव्हा आधी हे लिहायचं आणि मग बाकीचं, असं मी ठरवलं. बाकीचं म्हणजे आमचा धंदा. तोही सांगतो, कारण तो समजल्याशिवाय माझी चूक समजायची नाही.

पनवेलच्या औद्योगिक वसाहतीत आमचं एक लहानसं वर्कशॉप होतं. मालक सबनीस, आम्ही आठ माणसं, आणि सगळं काम एका दगडाचं. त्याचं नाव कॅल्साइट. संगमरवर आणि चुनखडी ज्या द्रव्याची, त्याच द्रव्याचा हा स्फटिक. पण काचेसारखा आरपार. त्याचा आकार असा, की कोणीतरी साबणाची चौकोनी वडी ओली असताना एका कोपऱ्यावर तळहात दाबून कलती केली आहे. फोडला तरी त्याचे लहान तुकडे त्याच कलत्या आकाराचे होतात. आणि अंगाने इतका मऊ, की तांब्याच्या नाण्यानेही ओरखडा पडावा.

या दगडाची करामत अशी. कागदावर पेन्सिलीने एक ठिपका काढा आणि त्यावर हा खडा ठेवा. वरून पाहिलं की दोन ठिपके दिसतात. आता खडा कागदावरच हळूहळू फिरवा. एक ठिपका जागचा हलत नाही आणि दुसरा त्याच्याभोवती फिरतो. पुस्तकात या दोन्हींना मोठाली नावं आहेत. आमच्याकडे स्थिर ठिपक्याला ‘देव’ आणि फिरणाऱ्याला ‘भगत’ म्हणत. ही नावं आमच्या जोडकाम करणाऱ्या हरिदादांनी ठेवलेली. नवीन माणूस आला की ते त्याला खडा फिरवायला लावायचे आणि म्हणायचे, “देव हलत नाय. भगत घुमतो. धा मिनटं बघ, तुज्या पन अंगात येल.”

होतं काय, तर या दगडात शिरताना प्रकाशाचे दोन भाग होतात. साधा प्रकाश चारी दिशांना थरथरत येतो. दगड त्याला दोन वाटांनी पाठवतो. एका वाटेवरचा प्रकाश फक्त उभा थरथरतो, दुसऱ्या वाटेवरचा फक्त आडवा. आम्ही या दगडाचे दोन पाचरीसारखे तुकडे कापून एका खास पारदर्शक डिंकाने जोडायचो. त्या जोडापाशी एक प्रकाश बाजूला फेकला जातो आणि एकच सरळ बाहेर पडतो. हा झाला प्रिझम. असे दोन प्रिझम एकापुढे एक धरले आणि एक काटकोनात फिरवला, की प्रकाश पूर्ण बंद होतो. मिट्ट काळोख. या काळोखात, दोन प्रिझमच्या मध्ये, साखरेचं पाणी ठेवलं तर तो फुटतो, उजेड दिसू लागतो. परत काळोख व्हायला प्रिझम किती फिरवावा लागला, यावरून पाण्यात साखर किती ते कळतं. साखर कारखान्यांत, औषध कंपन्यांच्या प्रयोगशाळांत हेच यंत्र. दगडांचा अभ्यास करणाऱ्यांच्या सूक्ष्मदर्शकातही असे प्रिझम असत. सबनीससाहेब पाहुण्यांना सांगायचे, सगळं जग उजेड विकतं, आम्ही अंधार विकतो. ते खरंच होतं. आमच्या मालाची किंमत त्याचा अंधार किती काळा यावर ठरायची.

अशा जागी गिऱ्हाइकंही तऱ्हेवाईक येत. उलव्याच्या बाजूला डोंगर फोडत होते तेव्हा एक डंपर-ड्रायव्हर गोणीभर खडे घेऊन आला आणि हे हिरे आहेत, असं दबक्या आवाजात म्हणाला. मी त्यावर लिंबू पिळलं. खडा फसफसला. हिरा लिंबाला फसफसत नाही, एवढं त्यालाही पटलं. गोणीतला एकच तुकडा आमच्या कामाचा निघाला, बाकी सगळे दुधी. दुसरे एक गृहस्थ कामोठ्याहून आले. त्यांना नजर उतरवायला हा खडा हवा होता. एकाचे दोन दिसतात म्हणजे नजर फुटते, असा त्यांचा हिशेब. सबनीससाहेबांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. ते गेल्यावर हरिदादा म्हणाले, “अरं पन मानसाची नजर खडा कशाला फोडल? मानूसच फोडतो.” आम्ही हसलो. मी सगळ्यात जास्त हसलो असेन.

हरिदादा जासईचे. आगरी. वडिलोपार्जित मिठागर होतं, ते बंदरासाठी गेलं. आता घराच्या मागच्या बाजूला कंटेनरच्या भिंती आहेत. ते आमच्याकडे जोडकाम करत. दोन तुकड्यांच्या कडा भिंगाखाली तंतोतंत जुळवायच्या, मध्ये डिंकाचा थेंब, बुडबुडा नको, धूळ नको, श्वाससुद्धा बाजूला सोडायचा. हे काम त्यांच्यासारखं करणारा मी पाहिला नाही. त्याचं कारण त्यांची दुसरी विद्या. दरवर्षी आषाढ-श्रावणात ते सुट्टी घेऊन गावातल्या गणपतीच्या कारखान्यात बसत. तिथे मूर्ती घडवणारे बरेच, रंगवणारे बरेच, पण डोळ्यांची आखणी करणारा एकच. बारीक कुंचल्याने डोळ्याची कड आणि बुबुळ. ती रेघ एकदाच ओढायची, पुसायची नाही. हरिदादा शे-दोनशे गणपतींचे डोळे उघडत. आमच्या घरचा गणपती मी तिथूनच आणायचो.

माझं काम खुणेचं. दगडाच्या पोटात एक अदृश्य दिशा असते, तिला अक्ष म्हणतात. त्या दिशेने पाहिलं तर दगड दोन दाखवत नाही, एकच दाखवतो. प्रिझमच्या दोन्ही तुकड्यांत ही दिशा एकसारखी पडली पाहिजे, नाहीतर अंधार राखाडी होतो. दिशा शोधायची ती दगडाच्या बोथट कोपऱ्यावरून. त्या कोपऱ्याला आम्ही ‘नाक’ म्हणायचो. नाक ओळखून खडा एका पितळी साच्यात बसवायचा, मेणाने पक्का करायचा आणि कुठून कापायचं त्याची खूण करायची. साच्याला जिग म्हणत. मोठा स्वच्छ खडा मिळणं कठीण, म्हणून प्रिझमचा डावा तुकडा एका खड्यातून आणि उजवा दुसऱ्यातून निघायचा. डाव्या तुकड्यांची जिग माझी होती. उजव्यांची दुसऱ्याची.

हरिदादांच्या बोलण्यात ‘ण’चा ‘न’ व्हायचा. त्यामुळे सकाळी आल्या आल्या त्यांचा मला ठरलेला प्रश्न असे: “काय संजा, आज किती खून करनार?” मीही म्हणायचो, जेवणाआधी वीस, जेवणानंतर वीस. बाहेरचं कोणी असेल तर दचकायचं. वर्षानुवर्षं हा विनोद शिळा झाला नाही.

माझी चूक झाली त्या साली एका उपकरणं बनवणाऱ्या कंपनीची मोठी ऑर्डर आली. मुदत कमी. जिगची एक शिस्त होती: प्रत्येक खडा बसवण्याआधी बैठक ब्रशने झाडायची आणि कापून आलेला दर पाचवा तुकडा परत तपासायचा. तपासणी सोपी असते. पोलरॉइडच्या, म्हणजे फक्त उभा किंवा आडवा प्रकाश सोडणाऱ्या प्लास्टिकच्या, दोन पट्ट्यांमध्ये तुकडा धरून तो सरळ असताना काळा होतो का, एवढंच पाहायचं. मी बैठक झाडत होतो, पण वरवर. दर पाचवा तुकडा तपासणं मात्र मी सोडून दिलं. माझी खूण चुकत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. मुख्य म्हणजे मला माहीत होतं.

जोडलेल्या प्रिझमचा पहिला ट्रे सबनीससाहेबांनी तपासला आणि अंधार राखाडी आला. हरिदादा माझ्या टेबलापाशी आले. ते काही भांडायला आले नव्हते. खालच्या आवाजात म्हणाले, “संजा, कडा जुलतात. मी दोनदा बगितल्या. पन अंधार पुरा पडत नाय. तुजी खून बरोबर हाय ना?”

मी मान वर न करता म्हणालो, “दादा, माझी खूण कधी चुकली आहे का?”

तेव्हा मला खरंच वाटत होतं की ती चुकली नाही. त्यामुळे हे पहिलं उत्तर मी स्वतःला माफ करू शकतो. उद्धटपणा होता, पण खोटेपणा नव्हता.

ट्रेमधले जोड सोडवून परत जोडले, पुन्हा राखाडी. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळ्यांसमोर काही म्हटलं नाही. फक्त हरिदादांना सांगितलं की साठीला आलात, डोळे तपासून घ्या, तोवर पॅकिंगला बसा. पनवेलच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना तपासलं आणि डोळे उत्तम आहेत, फक्त वाचायच्या चष्म्याचा नंबर थोडा वाढलाय, असं सांगितलं. हरिदादांना ते पटलं नाही. जेवताना म्हणाले, “डाक्टर अक्षरं दाखवतो. अंधार थोडाच दाखवतो?”

त्यानंतर दोन दिवसांनी मी जिग धुवायला घेतली. मेण वितळवलं, तेव्हा बैठकीच्या आतल्या कोपऱ्यातून कॅल्साइटची एक कपची निघाली. तांदळाच्या कणीएवढी. मेणात रुतून बसल्यामुळे ब्रशने निघाली नव्हती, आणि आरपार असल्यामुळे दिसलीही नव्हती. तिच्यावर टेकलेला प्रत्येक खडा जरासा कलला होता. म्हणजे माझी प्रत्येक खूण कलली होती. हरिदादा कडा जुळवत होते आणि त्या जुळतही होत्या. आतला अक्ष जुळत नव्हता. तो कोणाच्याही डोळ्यांना दिसणार नव्हता.

ती कपची मी बोटावर घेतली. इकडे तिकडे पाहिलं. आणि फुंकर मारून उडवली.

पुढे जे झालं त्याने माझं पाप पक्कं झालं. साफ केलेल्या जिगवर मी नवा ट्रे केला. जोडकामाला आता दुसरा माणूस बसला होता. त्याचा अंधार पहिल्याच दिवशी काळाकुट्ट आला. साहेब खूश झाले. आणि सगळ्यांच्या मनात जे अर्धवट होतं ते पूर्ण झालं: दोष हरिदादांच्या डोळ्यांचाच होता. माझ्या एका फुंकरीने त्यांच्याविरुद्ध पुरावा तयार झाला.

पॅकिंगवर महिनाभर बसून हरिदादांनी काम सोडलं. शेवटच्या दिवशी सगळ्यांना भेटून ते माझ्याकडे आले. खांद्याला डब्याची पिशवी होती. म्हणाले, “संजा, येक इचारू? तू परत बगितलं व्हतंस ना? खून बरोबर व्हती ना?”

“बघितलं होतं, दादा,” मी म्हणालो. “बरोबर होती.”

त्यांनी मान हलवली. “मंग माजंच,” एवढंच बोलून ते गेले. हे दुसरं उत्तर. याला माफी नाही.

माणूस स्वतःची समजूत किती प्रकारे घालतो, ते मला तेव्हा कळलं. त्यांचं वय झालंच होतं. त्यांचा मुलगा कंटेनर यार्डात नोकरीला लागला होता. माझी मुलगी शाळेत होती आणि माझी नोकरी गेली असती तर, वगैरे. साहेबांनी मला काढलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. भीती नोकरीची नव्हतीच. ‘संजाची खूण चुकत नाही’ हे वाक्य मोडायची होती.

पुढच्या श्रावणात मी जासईच्या कारखान्यात गणपती आणायला गेलो. मूर्ती नेहमीसारख्याच होत्या, पण पाहताना काहीतरी खटकत होतं. कारखान्याचे मालक नामदेवशेठ म्हणाले, हरिभाऊ आता आखणीला बसत नाहीत. डोळे गेले ना त्यांचे. स्वतःच म्हणाले, देवाचा डोळा वाकडा झाला तर कोणाला तोंड दाखवू. मी ठरवलेली मूर्ती घेऊन घरी आलो. आरतीच्या वेळी दिसलं, डाव्या डोळ्याची रेघ एका बाजूला जराशी कलली होती. इतकी जराशी, की घरात कोणाच्या लक्षात आलं नाही. कललेली रेघ ओळखणं हा माझा धंदा होता. दहा दिवस मी खाली बघून आरती केली. पुढच्या वर्षापासून मूर्ती पनवेलहून आणायला लागलो.

यंदा वर्कशॉप बंद झालं. आता बऱ्याच कामांना स्वस्त प्लास्टिकची पट्टी चालते, आणि जिथे चालत नाही तिथे कारखान्यात वाढवलेले परदेशी स्फटिक येतात. साहेबांनी प्रत्येकाला एकेक वस्तू आठवण म्हणून दिली. मला माझी जिग मिळाली, आणि एक छान स्वच्छ खडा. घरी टेबलावर ठेवून मी बायकोला कौतुकाने सगळं दाखवत होतो. नाक कुठे टेकतं, मेण कुठे लावायचं. सुनीता लक्ष देऊन ऐकत होती. तिने बैठकीच्या कोपऱ्यात नख घातलं आणि विचारलं, “इथे काही अडकलं तर?”

मी म्हणालो, खूण कलते.

“मग? असं कधी झालं का तुमच्याकडून?”

तिने सहज विचारलं होतं. थोड्या वेळाने मी तिला सगळं सांगितलं. तिने हरिदादांच्या घरचे तांदळाचे पापड दरवर्षी खाल्ले होते. तिने जिग माझ्याकडे सरकवली. मग म्हणाली, “मला सांगून काय उपयोग?”

श्रावणातल्या एका रविवारी खडा रुमालात बांधून मी स्कूटरने जासईला गेलो. ट्रेलरच्या रांगेतून वाट काढत पोचेपर्यंत दोनदा परत फिरावंसं वाटलं. हरिदादा ओट्यावर बसले होते. बाहत्तर वर्षांचे, वाळलेले. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. म्हणजे आता डोळे खरोखरच अधू झाले होते. मी हाक मारली, तेव्हा त्यांनी मला आवाजावरून ओळखलं.

“संजा? इतक्या वर्सानी? बस बस. आज किती खून करून आलास?”

मी शेजारी बसलो. मी रुमाल सोडून खडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेलाच नाही. अंगठ्याने एकेक कोपरा चाचपत गेले आणि तिसऱ्या कोपऱ्याशी थांबले. “हे नाक,” म्हणाले. बरोबर होतं. मग शेजारच्या वर्तमानपत्रावर खडा ठेवून फिरवू लागले. वहिनी चहा घेऊन आल्या, तर त्यांना म्हणाले, “बग, देव हलत नाय. भगत घुमतोय.” आणि फिरवता फिरवताच, माझ्याकडे न बघता, त्यांनी विचारलं, “संजा, आता तरी सांग. तवा तुजी खून बरोबर व्हती का?”

बारा वर्षं तो प्रश्न त्यांच्या मनात तसाच होता.

मी सांगितलं. कपची, फुंकर, सगळं. वहिनी दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी माझ्या पुढ्यातला चहाचा कप उचलून आत नेला. हरिदादा रागावले नाहीत, निदान तसं दिसलं नाही. त्यांनी खडा कागदावरून बाजूला ठेवला आणि उजवा हात माझ्यासमोर धरला. बोटं थरथरत होती.

“आता हात बी ऱ्हायला नाय,” म्हणाले. “बारा गनपती गेले.” मग थोडं थांबून, “मना सांगून काय करू मी? माजे डोले गेले असं मीच समद्या गावाला सांगलं. चल, उठ. कारखान्यात चल.”

कारखाना दोन गल्ल्या पलीकडे. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होते. सणाचे दिवस जवळ आलेले. आत दहा-बारा माणसं रंगकामाला बसली होती, नामदेवशेठ, काही तरुण मुलं, दोन बायका. चारी बाजूंना मूर्ती, सगळं रंगवून झालेल्या, फक्त डोळे बाकी. हरिदादा मध्ये उभे राहिले आणि म्हणाले, “काम थांबवा जरा. याला काय तरी सांगायचं हाय. याची खून चुकली व्हती.”

एकाने मागून विचारलं, “कसला खून?” कोणीतरी हसलं. हरिदादा हसले नाहीत, म्हणून तेही थांबलं. सगळ्यांचे कुंचले हवेत होते. मी वाक्यं घरून जुळवून आणली होती, त्यातलं एकही आठवेना. मी हात जोडले आणि जे आलं ते बोललो.

“हरिदादांचे डोळे चांगले होते. बारा वर्षांपूर्वी काम बिघडलं ते माझ्यामुळे. माझी खूण चुकली होती आणि ती चुकली हे मला तेव्हाच कळलं होतं. दादांनी मला दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा मी जाणूनबुजून खोटं बोललो. तुमच्या कारखान्यातून त्यांचा हात गेला तो वयाने नाही, माझ्यामुळे गेला. दादा, माझं चुकलं. मला माफ करा.”